पट्ट्याचे वळ

९ जुलै
जुनी होडी गेली. नदीवरच्या माझ्या मैत्रिणीला, वर्नाला, मी सांगितलं, न्यू नदीत खडकाला आडवी लागून दुमडली. खरं म्हणजे माझ्या कोल्टननं, पोरानं, अंगणात ट्रक मागे घेतला तो तिच्यावरून. मुद्दाम नाही केलं त्यानं. पाठ फार दुखत होती त्या दिवशी, आरशात बघितलं नसेल. एकदा गेला, पुढे घेतला, परत मागे गेला. दुसऱ्या वेळी ती चाकाखालून काढायला बघत होतो, असं म्हणाला. असेल.

आज किप स्ट्रेडरच्या दुकानात नवी सांगून आले. तळ्यात मासे धरत बसायची नव्हे. फेसाळ पाण्याचीच, आखूड, बुडाशी वाकलेली. हिच्यात बसायला फळी नसते. मधे खोगीर असतं, त्यावर गुडघे टेकून मांड ठोकायची आणि दोन्ही मांड्यांवरून पट्टे आवळायचे, की होडी कमरेला शिवल्यासारखी होते. उलटली तर अंगाच्या एका झटक्यानं सुलटी करता येते. नाहीच झाली, तर बकल ओढायचं, पट्टे सुटतात आणि आपण बाहेर. म्हणून मापं नीट लागतात. किपनं ती घेतली, पण च्युइंगगम चघळत, भलतीकडे बघत.

"या वयात हे कशाला, मॅडम? हल्ली पाय पसरून बसायच्या छान निघाल्यात."

"मी या नद्यांवर लोकांना न्यायचे तेव्हा तू दुधाच्या बाटलीवर होतास."

हसला नाही. दोन आठवड्यांत येईल म्हणाला. पैसे सगळे आधी घेतले.

वर्ना म्हणते, घाई कसली? सप्टेंबरात धरणाचं पाणी सोडेपर्यंत गॉली नदीला जोर नाही. तिचंही बरोबर आहे. पण होडीशिवाय राहणं मला परवडत नाही. नदीवर जाणाऱ्या बाईच्या अंगावर काळं-निळं असायचंच. कुणी विचारत नाही.

२६ जुलै
होडी नाही. फोन केला.

"गाडी निघालीय, मॅडम."

"कुठून?"

"तिकडून."

"तिकडून म्हणजे?"

"मॅडम, मी गाडीत बसलेलो नाहीये."

आणि फोन ठेवला. असा संताप आला की ओटा धरून उभी राहिले. माणसाला माणसासारखं बोलता येऊ नये?

दुपारी कोल्टनला हरणाचं मटण कच्चं लागलं. तव्यासकट माझ्याकडे आलं. मी वळले म्हणून कानामागे लागलं, नाहीतर डोळाच होता. मग स्वतःच टॉवेलात बर्फ गुंडाळून आणला, माझ्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि रडला. खाणीत पाठ गेली तेव्हापासून त्याला दुखण्यावरच्या गोळ्या सुटत नाहीत. चोविसाव्या वर्षी घरी बसायचं म्हणजे काय होत असेल जिवाचं. बर्फ किती हलक्या हातानं लावतो तो. त्याचा बाप, लॉयड, असता तर पोराला वळण लागलं असतं.

८ ऑगस्ट
होडी आली. चुकीची! सोळा फुटी धूड, बुडाला सरळ कणा, आत वेताची दोन बाकं. म्हातारा-म्हातारीनं छत्री लावून तळ्यावर फिरायचं असलं प्रकरण. आणणाऱ्या माणसाला म्हटलं, परत ने. तो म्हणाला, उतरवायचं माझं काम, चढवायचं नाही.

किपला फोन. आधी मला बराच वेळ गाणं ऐकवलं, मग आला.

"तुम्ही सांगतानाच नीट सांगायला हवं होतं, मॅडम."

"तू माझ्या मांड्यांची मापं घेतलीस! बाकावर बसायला मापं लागतात?"

"आवाज खाली करा. बाकीची गिऱ्हाइकं खूश आहेत. एकट्या तुम्हालाच त्रास होतो, याचा जरा विचार करा."

मी खरंच विचार केला. संध्याकाळभर केला. माझंच काही चुकलं का? मग कागद काढून पाहिला. स्पष्ट लिहिलंय. मी नाही चुकले.

कोल्टन म्हणाला, "तुला कुणीही गंडवतं, आई. तोंडावरच लिहिलंय तुझ्या." आणि गालावर चापट मारली. गमतीनं. जरा जोरात लागली, एवढंच.

१९ ऑगस्ट
शाळा सुरू झाली. पुन्हा पोरांची बस चालवणं, पुन्हा पहाटेचं उठणं. पोरं उंच झालीत. लांब बाह्यांचा शर्ट घातला होता, पण दुकानात बटाट्याची पिशवी उचलताना बाही वर सरकली. समोर वर्ना. दंडाला हात न लावता नुसती बघत राहिली. जन्मभर इस्पितळात नर्स होती, माणसांकडे टक लावून बघायची तिला खोड आहे.

"काय गं हे?"

"नदी."

"कुठल्या होडीत, नेल्डा?"

बसच्या पायरीवरून पडले म्हटलं. ती म्हणाली, "बरं." तिचं ते 'बरं' मला अजिबात आवडलं नाही.

घरी येऊन किपला फोन लावला आणि काय काय बोलले मलाच ठाऊक नाही. मला होडी आजच्या आज हवीय, मी लोकांना काय सांगू, असं ओरडत होते. तो म्हणाला, "मॅडम, जरा शांत व्हा. होडीवाचून कुणी मरत नाही."

६ सप्टेंबर
आली! लाल आहे. अंगणात ठेवून तिच्याभोवती फेऱ्या मारल्या. पुढेमागे हवेच्या पिशव्या टम्म फुगवल्या, खोगिरावर बसले, पट्टे आवळले. अंगणातल्या गवतावर, भर दुपारी, हेल्मेट घालून. कोल्टन पायरीवरून हसत होता, पण चांगलं हसत होता.

वर्नाला घेऊन न्यू नदीवर गेले. पहिल्याच लाटेनं थोबाडीत मारली, बर्फगार, आणि मी ओरडले. आनंदानं. दुसऱ्या लाटेनं उचलून आडवी फेकली, पोटऱ्या लाकडासारख्या ताठ झाल्या, वल्हं खाली दाबून उठले. वर्ना तिच्या छोट्या कयाकमधून शिट्ट्या मारत होती. नदी मारते तेव्हा ती तुझ्यावर रागावलेली नसते, हे मला फार बरं वाटतं.

एक आहे. उजव्या मांडीचं बकल अडकतं. दोनदा ओढलं तेव्हा सुटलं.

किप म्हणाला, "नवं आहे, घट्ट असणारच."

१४ सप्टेंबर
बकल तसंच. आज तीनदा ओढावं लागलं. फोटो पाठवला. दिवसभरानं उत्तर आलं : तुम्ही चुकीच्या कोनातून ओढताय. मी लिहिलं, पाण्याखाली उलटी लटकलेली असताना कोन कसा मोजू?

वर्ना म्हणाली, "हे दुरुस्त होईपर्यंत गॉलीवर यायचं नाहीस."

मी म्हटलं, येणार. शनिवार-रविवार घरी बसून काय करू? शनिवार-रविवार बसही नसते, आणि कोल्टन दिवसभर घरीच असतो.

हे तिला नाही म्हटलं. इथे लिहिलं.

२२ सप्टेंबर
वर्नाच्या गाडीत बसून लिहितेय, अक्षर वाईट येईल.

धरणाचे दरवाजे उघडले होते. गॉली अशी काही चालली होती की जमिनीतून पायांना कळत होतं. पिलो रॉक नीट पार झाला. सगळी नदी त्या खडकावर धडकून फुटते आणि आपण त्या फुटलेल्या पाण्याच्या कडेवरून घसरत जातो. वर्ना पुढे, मी मागे. लॉस्ट पॅडलच्या खळाळात घुसले. मधल्या लाटेच्या वर होते तोच खालून कुणी लाथ घालावी तशी होडी उडाली आणि उलटली.

पहिल्यांदा सुलटी करायचा प्रयत्न केला. वल्हं खडकावर आपटलं आणि हातातून गेलं. डोकं आपटलं. परत आपटलं. हेल्मेट नसतं तर कवटीचे तुकडे झाले असते. डावं बकल ओढलं, सुटलं. उजवं ओढलं. नाही. परत ओढलं. नाही. होडी वाहत होती आणि मी तिच्याखाली एका मांडीनं लटकलेली. खडक एकामागून एक पाठीत, खांद्यात बसत होते, आणि तो गडगडाट, कानात नाही, दातांत. किपचं तोंड आठवलं. चुकीच्या कोनातून ओढताय, मॅडम.

मग एक क्षण असा आला की मी ओढायचं थांबले. इथे माझ्यावर कुणी ओरडत नाहीये, असं वाटलं. एवढंच. किती वेळ कोण जाणे.

मग हात आपोआप लाइफ जॅकेटला छातीवर अडकवलेल्या सुरीकडे गेला. पट्टा कापताना मांडीही कापली. वर आले तेव्हा तोंडात रक्त, पाणी, वाळू. वर्नानं कॉलर धरून खडकावर ओढलं आणि आधी ते पाणी बाहेर काढलं, मग शिव्या घातल्या, मग मला घट्ट धरून बसली.

तिनं माझा ओला शर्ट काढून कोरडं स्वेटर घातलं. तेव्हा पाठ पाहिली तिनं. सगळी. "हे आजचं," ती म्हणाली, आणि बोट खाली सरकवत, "हे आजचं नाही. हेही नाही."

मी दात वाजतायत म्हणून बोलता येत नाही असं केलं.

२३ सप्टेंबर
काल घरी पोचायला उशीर झाला. कोल्टनला माझी काळजी लागली होती. त्याच्या गोळ्या संपल्या होत्या आणि मी आणणार होते. दारातच त्यानं माझा गळा धरला आणि भिंतीला दाबलं. "मेली असतीस तर? मेली असतीस तर माझं काय?" असं विचारत होता. काळजीच होती ती. डोळ्यांपुढे काळं झालं तेव्हा सोडलं. पाण्याखाली एवढी भीती वाटली नव्हती.

आज बसमध्ये गळ्याला रुमाल बांधला. आवाज फुटत नाही नीट. पोरांना वाटलं सर्दी झालीय.

२५ सप्टेंबर
मी आज माणसाला मारलं.

होडी ट्रकवर घालून किपच्या दुकानात नेली. नवं वल्हंही तिथेच घ्यायचं होतं. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, त्यांच्यादेखत कापलेला पट्टा आणि ते बकल त्याच्यासमोर आपटलं. म्हटलं, यानं मी मरत होते.

तो बकल बोटांनी उघडून-मिटून दाखवायला लागला. टिक, टिक. "छान चालतंय की."

"ओलं झाल्यावर बघ! ताण आल्यावर बघ!"

"पट्टा तुम्हीच कापलाय. कापलेल्या मालाची हमी नसते."

तेवढ्यात शेजारच्या बाईनं विचारलं, गळ्याला काय झालं हो? ओरडताना माझा रुमाल सुटला होता. मी म्हटलं, "यांच्याच पट्ट्यानं." तोंडातून गेलं.

"मांडीचा पट्टा गळ्याला?" किप म्हणाला. मग गल्ल्यावरून पुढे वाकून त्यानं माझ्या गळ्याकडे नीट बघितलं. अडीच महिन्यांत पहिल्यांदा त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मॅडम, माझ्या पट्ट्याला चार बोटं आणि एक अंगठा नसतो."

माझ्या हातात नवं वल्हं होतं. मुठीकडून घातलं त्याच्या नाकावर. लाकूड मोडल्यासारखा आवाज झाला. तो मागच्या मांडणीवर पडला, हेल्मेटं घरंगळली. मी गल्ल्याला वळसा घालून गेले आणि परत मारलं, खांद्यावर, तो कोपर पुढे करून पडला होता तरी. "अंगठा नसतो? अंगठा नसतो?" असं मी ओरडत होते म्हणे. त्या दोन गिऱ्हाइकांनी मला मागून धरलं.

शेरिफचा माणूस आला. बेड्या नाही घातल्या, पण गाडीत मागे बसवलं.

काय हलकट माणूस आहे. गिऱ्हाइकाशी असं बोलतात?

कोल्टन न्यायला आला. सगळं ऐकून हसून हसून वाकला. "आई! नाक फोडलंस? तू?" वाटेत मला आइस्क्रीम घेऊन दिलं, रात्रीचं जेवण त्यानंच केलं. कित्येक महिन्यांत इतकी चांगली संध्याकाळ गेली नव्हती.

३ ऑक्टोबर
खटल्याचा निकाल लागेपर्यंत शाळेनं बस काढून घेतलीय. मारकुट्या बाईच्या हातात पोरं कशी देणार? त्यांचंही खरं आहे.

किपचा फोन आला. नाकात बोळे असल्यासारखं बोलत होता. म्हणाला, होडीत काहीच दोष नव्हता असं लिहून द्या, मी तक्रार मागे घेतो.

"बकल अडकतं," मी म्हटलं.

"मॅडम, तुमची नोकरी जाईल. माझ्याकडे दोन साक्षीदार आहेत. पट्ट्यानं गळा आवळला म्हणालात तुम्ही. एक खोटं बोललात तर दुसरं कोण खरं धरणार?"

"बकल अडकतं, किप."

फोन ठेवल्यावर वर्नाला बोलावलं. तिच्यासमोर तेच ते बोलत राहिले. बकल खरंच अडकत होतं ना? तू पाहिलंस ना? मी मरत होते ना? ती हो हो म्हणत राहिली. मग म्हणाली, "मी साक्ष देईन बकलाची. पण मला पुढचं विचारतील, नेल्डा. आणि मी शपथेवर खोटं बोलणार नाही."

मी तिला घालवून दिलं. जवळजवळ ढकललंच.

दोष नव्हता म्हणे! उद्या दुसरं कुणीतरी त्या पट्ट्यात लटकेल. त्याच्याकडे सुरी नसेल.

९ ऑक्टोबर
कोर्टात कोल्टननं नेलं. किपला वल्हं घालताना दुखावलेली माझ्या उजव्या हाताची बोटं अजून सुजलेली आहेत, गिअर पडत नाही. मागच्या बाकावर मजा बघायला बसावं तसा पाय पसरून बसला. वर्ना दुसऱ्या टोकाला.

न्यायाधीश बाई होती, माझ्याच वयाची, सर्दी झालेली. किपनं सगळं सांगितलं, नाकावर पट्टी होतीच. शेवटी म्हणाला, "यांनी पट्ट्यानं गळा आवळला असं खोटं सांगितलं, तसंच बकलाचंही खोटं आहे. माझं दुकान बदनाम करायचं, एवढाच हेतू."

बाईनं मला विचारलं, "मिसेस ट्रिपलेट, त्या खुणा पट्ट्याच्या होत्या?"

मला रागानं दिसेनासं झालं होतं. दोन महिने हा माणूस मला म्हणतोय तुम्हीच चुकलात, तुम्ही नीट सांगितलं नाही, तुम्ही नीट ओढलं नाही. आणि आता मी त्या पाण्याखाली नव्हतेच म्हणतोय! मी उभी राहिले.

"बकल अडकलं होतं," मी म्हटलं. "ते खरं आहे. मी खाली लटकले होते, ते खरं आहे. त्याचं नाक मी फोडलं, तेही खरं आहे, दोनदा मारलं. गळा पट्ट्यानं नाही आवळला. गळा माझ्या मुलानं आवळला. गळा वेगळा आहे आणि ते बकल वेगळं आहे. दोन्ही मिसळू नका."

इतकं सोपं वाक्य होतं. बोलून झाल्यावर मी किपकडेच बघत होते, आता काय म्हणतोस, अशी. तो माझ्याकडे बघत नव्हता, माझ्यामागे बघत होता.

कोल्टन दोन बाकं ओलांडून आला होता. मला केसांनी मागे ओढलं, टाळूची कातडी निघाल्यासारखी वाटली. "सांग त्यांना! खोटं आहे म्हणून सांग!" माझं तोंड कठड्यावर आपटलं, एक दात गेला. मग दोघा शिपायांनी त्याला खाली घेतलं. त्याचं कपाळ बाकाच्या कोपऱ्यावर फुटलं, आणि एक जण त्याच्या पाठीवर गुडघा रोवून बसला, त्याच दुखऱ्या पाठीवर. मी ओरडले, "पाठीवर नको! त्याची पाठ दुखते!" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला अजून कळत नाही का. खरंच दुखते ती.

त्याला नेलं. जाताना तो आई आई करत होता, लहान असताना शाळेच्या दारात करायचा तसं.

किप खाली पडलेली माझी हेअरपिन उचलून बाकावर ठेवून गेला.

१२ ऑक्टोबर
नाकाबद्दल मला दोषी धरलं, दंड झाला. ते बरोबर आहे. बसचं शाळा पुढच्या महिन्यात ठरवेल. बकलाची तक्रार वर्नानं वरच्या कचेरीत पाठवलीय. नवं बकल अजून आलेलं नाही आणि किप फोन उचलत नाही.

कुलूप बदललं. कोल्टनला माझ्यापासून लांब ठेवायच्या हुकुमावर सही करताना तीनदा पेन खाली ठेवलं. वर्ना समोर बसून काजू खात होती. घाई कर म्हणाली नाही.

आज दुपारी तुरुंगातून फोन आला. आधी एक यंत्राची बाई विचारते, कैद्याशी बोलायचं असेल तर एक दाबा. नकोच म्हणायला हवं होतं. दाबलं. कोल्टन रडत होता. गोळ्यांशिवाय अंग फुटतंय म्हणाला, कपाळाला सात टाके पडले म्हणाला. मीही रडले. अंघोळीला गरम पाणी मिळतं का विचारलं. मग त्यानं विचारलं, कधी सोडवतेस? मी म्हटलं, नाही सोडवत. त्यावर तो सुरू झाला. रांड इथून सुरुवात, पुढचं लिहीत नाही. माझा बाप तुझ्यामुळे मेला, बाहेर आलो की तुझं काय करतो बघ.

मी ऐकत उभी होते. पूर्ण होईपर्यंत ऐकायचं असतं, असंच मला वाटत आलंय. मधेच माझं लक्ष गेलं, माझा दुसरा हात डोक्यावर होता, मार चुकवायला धरतात तसा. स्वयंपाकघरात मी एकटी, आणि हात डोक्यावर.

तो हात मी खाली आणला. त्याचं वाक्य अर्धं असताना फोन ठेवला.

मग भूक लागली. कॉर्नब्रेडचा अख्खा तवा उभ्यानं खाल्ला, पडलेल्या दाताच्या बाजूनं चावता येत नव्हतं तरी. फोन परत वाजला. मी चावत राहिले. बराच वेळ वाजला तो.